सगळ्यात चांगला अभ्यासक्रम कुठला? होमस्कूलिंगच्या एका निर्णयातून संशोधन-आराखडा

मागच्या वर्षी जूनमध्ये माझ्या आतेबहिणीचा फोन आला. भावोजी रस्त्यांच्या कामांवर साइट इंजिनिअर आहेत. चार वर्षांत तीन गावं झाली होती आणि चौथी बदली तोंडावर होती. त्यांची मुलगी नऊ वर्षांची. आधी मराठी माध्यम, मग सीबीएसई, मग सेमी इंग्लिश अशा तीन शाळा तिने बघितल्या होत्या. दोघांनी ठरवलं होतं की निदान दोन वर्षं तिला घरीच शिकवायचं. ताई म्हणाली, "तू एवढी पीएचडी करतेयस, मग सांग ना, सगळ्यात चांगला अभ्यासक्रम कुठला?"

मी आठ दिवसांत उत्तर दिलं. एक्सेलचा तक्ता, चार पर्याय, निकष, गुण, शेवटी एक आकडा. ते उत्तर चुकलं आणि त्याची किंमत त्या मुलीने मोजली. म्हणून आज सॅम्पलिंग किंवा पी-व्हॅल्यू बाजूला ठेवून हा घरातला प्रश्न घेते. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर मी ज्या चुका केल्या त्याच चुका आरआरसीसमोर रोज होत असतात. इथे त्या स्वच्छ दिसतात, एवढंच.

१. प्रश्नातच गडबड होती

"सगळ्यात चांगला अभ्यासक्रम कुठला?" हा प्रश्न ऐकायला सरळ वाटतो, पण त्याला उत्तर नाही. "सगळ्यात चांगलं औषध कुठलं?" असं विचारण्यासारखंच ते आहे. कोणासाठी, कशासाठी आणि गुण आला हे कशावरून ओळखायचं, या तीन जागा भरल्याशिवाय "चांगला" या शब्दाला काही अर्थ येत नाही.

दुसरी गडबड "अभ्यासक्रम" या शब्दात होती. ताईच्या मनात पुस्तकं होती, भावोजींच्या मनात बोर्ड होतं आणि माझ्या मनात शिकवण्याची पद्धत होती. तिघं एकच शब्द वापरून तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो. संशोधनात आपण याला कार्यात्मक व्याख्या म्हणतो: शब्द असा बांधून घ्यायचा की तो बघता किंवा मोजता आला पाहिजे. घरच्या शिक्षणापुरती मी पुढे ही व्याख्या केली. अभ्यासक्रम म्हणजे चार गोष्टींची उत्तरं: काय आणि कोणत्या क्रमाने शिकायचं, कशातून शिकायचं, कोणी किती वेळ द्यायचा, आणि आलं की नाही हे कसं कळणार.

या चारांपैकी तिसरी गोष्ट लक्षात ठेवा. सगळी गोष्ट तिथेच अडकली.

२. मी आधी अभ्यास वाचले

आपल्या सवयीप्रमाणे मी आधी संशोधन शोधलं. होमस्कूलिंगवरचं बहुतेक संशोधन अमेरिकेतलं आहे. त्यातला सतत उल्लेख होणारा एक अभ्यास लॉरेन्स रडनर यांचा, १९९९ सालचा. त्यात ११,९३० कुटुंबांमधली २०,७६० मुलं होती आणि त्यांचे मध्यक गुण बहुतेक इयत्तांमध्ये ७० ते ८० पर्सेंटाइलच्या दरम्यान होते. देशाचा मध्यक म्हणजे ५०. एवढं वाचून कोणालाही वाटेल की घरी शिकवलं की गुण वाढतात.

आता जरा थांबा आणि विचारा, ही मुलं आली कुठून? एका विशिष्ट संस्थेची चाचणी सेवा ज्या पालकांनी आपणहून घेतली, त्यांचीच ही मुलं होती. म्हणजे मुलाला चाचणीला बसवायची इच्छा आणि ऐपत असलेले पालक. या घरांमधलं पालकांचं शिक्षण आणि उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होतं आणि बहुसंख्य घरांत आई-वडील दोघंही होते. ज्या घरात पुस्तकं आहेत, शिकलेली आई आहे आणि तिच्याकडे वेळ आहे, त्या घरातलं मूल शाळेत गेलं असतं तरी त्याला बरेच गुण मिळाले असते. निवडीतला हा कल आकडा मोठा केल्याने जात नाही. वीस हजारांच्या जागी दोन लाख मुलं घेतली तरी ती त्याच दारातून आलेली असतील. विशेष म्हणजे रडनर यांनी स्वतःच लिहिलं होतं की या अभ्यासावरून होमस्कूलिंग शाळेपेक्षा सरस ठरत नाही. आकडे पुढे सगळीकडे फिरले, ही ओळ मागे राहिली.

दुसरा अभ्यास लहान पण जास्त विचारपूर्वक केलेला आहे. सँड्रा मार्टिन-चँग आणि सहकाऱ्यांनी २०११ साली कॅनडात ५ ते १० वर्षांची ३७ घरी शिकणारी आणि ३७ शाळेत जाणारी मुलं घेतली. चाचण्या पालकांवर न सोडता संशोधकांनी स्वतः घेतल्या. आईचं शिक्षण आणि घरचं उत्पन्नही लक्षात घेतलं. त्यात ठरलेल्या आराखड्याने घरी शिकणारी मुलं शाळेतल्या मुलांच्या पुढे होती. पण आराखड्याशिवाय, मुलाच्या कलाने शिकणारी मुलं त्यांच्या बरीच मागे होती.

हे वाचून मी ठरवून टाकलं की आराखडा पाहिजे, तोही भक्कम. पण त्या दुसऱ्या गटात मुलं किती होती? १२. शिवाय आराखड्याने शिकवणारी कुटुंबं आणि कलाने शिकवणारी कुटुंबं फक्त आराखड्यापुरतीच वेगळी असतात का? नाही. त्यांना मुलांकडून काय हवं आहे, तेही वेगळं असतं. ज्या घरात वाचायला उशिरा शिकलं तरी चालतं, तिथलं सात वर्षांचं मूल वाचनाच्या चाचणीत मागेच दिसणार. ते बाराव्या वर्षी कुठे असेल, हे एका वेळच्या मोजणीतून कळत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही की दोन्ही अभ्यास गटाबद्दल बोलतात. ताईच्या घरात एकच मुलगी आहे. गटाच्या सरासरीवरून कुठून सुरुवात करायची ते कळतं, एका मुलीचं काय होईल ते कळत नाही. तुमच्या प्रबंधातही लिटरेचर रिव्ह्यूचं काम एवढंच असतं. तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, कुठे बघायचं ते दाखवतो.

३. माझा तक्ता आणि त्यातली लबाडी

तरी मी तक्ता केलाच. चार पर्यायांपैकी शेवटी दोन उरले: बालभारतीची पुस्तकं, आणि परदेशातून येणारा तयार संच. त्या संचात पुस्तकं, वर्कशीट, रोजचं वेळापत्रक, पालकांसाठी मार्गदर्शिका, सगळं एका खोक्यात येतं. मी पाचपैकी असे गुण दिले.

परदेशी संच: आवड ५, पुढच्या परीक्षेची तयारी ३, खर्च २, आईचा वेळ १.
बालभारती: आवड ३, तयारी ४, खर्च ५, आईचा वेळ ४.

खर्च आणि वेळ कमी लागत असेल तर गुण जास्त. मग भार ठरवले: आवड ५० टक्के, तयारी ३०, खर्च १०, वेळ १०. गुणाकार करा: संच ३.७, बालभारती ३.६. संच जिंकला. मी ताईला कळवलं, तिने मागवला.

आता तुम्ही फक्त एक बदल करा. आवडीचा भार ४० करा आणि वेळेचा २०. संच ३.३, बालभारती ३.७. दहा टक्के इकडचे तिकडे झाले आणि निकाल उलटला. जो निष्कर्ष आपणच मनाने ठरवलेल्या भारावर एवढा हलतो, त्याला निष्कर्ष म्हणू नये. कुठलंही मॉडेल केलंत की गृहीतकं थोडी हलवून बघा. उत्तर जागेवर राहिलं तर बोला. मी हे केलंच नव्हतं, कारण आकडा बघून मला समाधान वाटलं होतं.

पण भार बदलल्यानेही न सुटणारा दोष त्या बेरजेतच होता. ताई तीन-चार दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्नचं काम घरून करते. तिच्याकडे रोज जास्तीत जास्त दोन तास होते. संचाला मोठ्या माणसाचे चार तास लागत होते. हे "वेळेत १ गुण" असं नसतं, हा पर्यायच बाद असतो. बेरजेत मात्र आवडीचे ५ गुण वेळेची कमतरता भरून काढतात. घरात ती भरून निघत नाही. आवडतं म्हणून दिवसाचे तास वाढत नाहीत.

तिसरी चूक सांगायला लाज वाटते. आवडीला ५ गुण कोणी दिले? मी दिले, संचाची रंगीत पानं बघून. ज्या मुलीची आवड मोजायची होती तिला कोणी विचारलंच नव्हतं.

दोन महिन्यांत खोकं कपाटावर गेलं. वेळापत्रकात रोज सात चौकोन होते आणि ताईला तीनच जमत होते. उरलेले चौकोन दुसऱ्या दिवशीवर ढकलले जायचे. सप्टेंबरमध्ये मुलगी सव्वीस दिवस "मागे" होती. कोणाच्या मागे, ते मात्र कोणी सांगू शकत नव्हतं. एका रात्री तिने ताईला विचारलं, "आई, मीच ढ आहे का?" ताईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मला काही बोलता आलं नाही.

४. पुन्हा सुरुवात: आधी अटी, मग गुण

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले आणि आम्ही पाटी कोरी करून बसलो. या वेळी निकषांच्या दोन याद्या केल्या. पहिली अटींची: पूर्ण झाली नाही तर पर्याय बाद. दुसरी पसंतीची: असलं तर बरं. तुमच्याही विषयनिवडीत या दोन याद्या वेगळ्या ठेवा. "उपकरण विभागात उपलब्ध आहे" ही अट असते, "विषय नवीन आहे" ही पसंती. दोन्ही एकाच यादीत टाकल्यामुळे तिसऱ्या वर्षी रडणारे लोक मी पाहिले आहेत.

ताईच्या घराच्या अटी अशा निघाल्या.

पहिली अट, परतीचं दार उघडं पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात होमस्कूलिंगचा उल्लेख नाही. कलम १० मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं म्हणतं, पण ते न केल्यास पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. या घरासाठी महत्त्वाचं होतं कलम ४. सहा वर्षांवरच्या ज्या मुलाने शाळेत प्रवेश घेतला नाही किंवा ज्याचं शिक्षण अर्धवट राहिलं, त्याला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे, असं ते सांगतं. म्हणजे दोन वर्षांनी परत शाळेत घालायचं ठरलं तर वाट बंद नाही. मात्र परत गेल्यावर बाकीच्या वर्गाच्या बरोबरीने उभं राहता येईल एवढी तयारी हवी.

दुसरी अट, दहावीचं दार. परत शाळेत गेलीच नाही तर काय? एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, वयाच्या १४ वर्षांनंतर दहावीच्या पातळीला प्रवेश देते. शाळेचा दाखला नसला तरी स्वयंघोषणापत्र चालतं. मराठी माध्यमही आहे आणि नोंदणीच्या पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. राज्य मंडळाच्या दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसता येतं, पण तिथे शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो या मुलीकडे होता. फायलीत तो जपून ठेवायचा, हे अभ्यासक्रम निवडण्याइतकंच महत्त्वाचं काम होतं.

तिसरी अट, मोठ्या माणसाचे दोन तास. त्यावर एक मिनिट नाही.

चौथी अट मुलीनेच सांगितली. तिला विचारलं, "तुला काय नको?" ती म्हणाली, "गाव बदललं की वही नवीन नको." प्रत्येक नव्या शाळेत तिला नवीन वही घालून कुठल्यातरी तिसऱ्याच धड्यापासून सुरुवात करावी लागली होती. काही धडे तिने दोनदा केले होते, काही कधीच नाही. तीन मोठी माणसं चार महिने जे शोधत होती, ते एका वाक्यात आलं. ज्यांच्यावर अभ्यास करतो त्यांना आधी विचारायचं असतं. हे आपण मेथडॉलॉजीच्या पेपरात लिहितो आणि घरी विसरतो.

५. बेसलाइन: ती नक्की आहे कुठे?

काहीही बदलण्याआधी आत्ताची स्थिती मोजावी लागते. नाहीतर नंतरची प्रगती कशाच्या तुलनेत मोजणार? आम्ही असर सर्वेक्षणातली साधने वापरली. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या या सर्वेक्षणात घरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासतात. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. ही साधनं मराठीत आहेत आणि कोणालाही वापरता येतात.

तिने मराठी गोष्ट घडाघडा वाचली. इथे एक खबरदारी. असरची गोष्ट दुसरीच्या पातळीची असते. त्याच्या वर मूल किती पुढे आहे, ते या मोजपट्टीवर दिसत नाही. याला सीलिंग इफेक्ट म्हणतात. छताला डोकं लागलं की उंची कळत नाही. म्हणून तिला पाचवीच्या बालभारतीतला धडा दिला. तोही तिने वाचला आणि स्वतःच्या शब्दांत सांगितला.

मग भागाकार. ८२४ भागिले ८. तिने लिहिलं १३. उत्तर १०३ आहे. आठाला आठने भाग गेला, १ लिहिला. दोनाला आठने भाग जात नाही, म्हणून तिने ती जागा सोडून दिली. चोवीसला आठने तीन. पायऱ्या तिला पाठ होत्या, पण दशकाच्या जागी शून्य का लिहायचं ते माहीत नव्हतं. स्थानिक किंमत कच्ची होती आणि ती बहुधा दोन शाळांच्या मधल्या फटीत पडली होती. इंग्रजी दुसरीच्या आसपास होतं.

मराठी पाचवीच्या पुढे, गणित तिसरीचं, इंग्रजी दुसरीचं. आता सांगा, "चौथीचा अभ्यासक्रम कुठला घेऊ?" या प्रश्नाचं काय करायचं? आम्ही मुलगी हे एकक धरून एक संच शोधत होतो, आणि एकक विषय असायला हवं होतं. विश्लेषणाचं एकक चुकलं की पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर चुकतं. तयार खोकं याच कारणाने बसलं नव्हतं. ते एका इयत्तेचं असतं, आणि ही मुलगी तीन इयत्तांमध्ये एकाच वेळी होती.

६. आठ आठवड्यांची चाचणी

काही विकत घेण्याआधी फुकट मिळणाऱ्या साहित्यावर आठ आठवडे काढायचे ठरलं. गणिताला बालभारतीचं तिसरीचं पुस्तक, जोडीला काड्यांचे गठ्ठे आणि खेळातल्या नोटा. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. विज्ञानाला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची 'स्मॉल सायन्स' मालिका आणि अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी. मराठीला तिच्या मनाची पुस्तकं. इंग्रजीला रोज अर्धा तास मोठ्याने वाचन.

इथे आराखड्याचा प्रश्न आला. एकाच व्यक्तीवरच्या अभ्यासात बऱ्याचदा उपाय सुरू करतात, काढून घेतात, पुन्हा सुरू करतात आणि फरक बघतात. औषधाला हे चालतं, शिकण्याला नाही. शून्य का लिहायचं हे एकदा कळलं की काड्या काढून घेतल्या तरी ते विसरलं जात नाही. म्हणून बदल टप्प्याटप्प्याने केले: गणित पहिल्या आठवड्यापासून, विज्ञान तिसऱ्यापासून, इंग्रजी पाचव्यापासून. तोवर तो विषय जुन्याच पद्धतीने. सगळे विषय एकदम सुधारले असते तर ते सुट्टीच्या आनंदाने किंवा माझ्या येण्याने झालं असतं. प्रत्येक विषय आपापल्या बदलानंतरच हलला, तर श्रेय त्या बदलाला देणं जास्त रास्त ठरतं. इंग्रजीत याला मल्टिपल बेसलाइन डिझाइन म्हणतात.

मोजायच्या गोष्टी तीनच. दर शनिवारी आदल्या आठवड्यातल्या भागावर प्रत्येक विषयाचे पाच प्रश्न (त्याच दिवशी विचारलं तर आठवण मोजली जाते, समज नाही). ताईचा रोज लागलेला वेळ. आणि तिने न सांगता स्वतःहून सुरुवात केली का, हो किंवा नाही. पहिल्या आठवड्याची आवड धरायची नाही असं आधीच ठरवलं, कारण नव्याचे नऊ दिवस सगळ्यांनाच असतात.

निर्णयाचा नियमही आधीच फ्रीजवर चिकटवला: सलग तीन शनिवार पाचपैकी तीन किंवा कमी आले तर साहित्य बदलायचं, आणि वेळ दोन तासांवर गेला तर काहीतरी वगळायचं. आकडे आल्यावर नियम करायला बसलो की आपल्याला हवा तो निकाल आपण काढतोच. मी माझ्या तक्त्यात नेमकं हेच केलं होतं.

७. काय निघालं

गणित पहिल्या दोन शनिवारी पाचपैकी एक-दोन होतं. तिसऱ्यापासून चारवर आलं आणि टिकलं. विज्ञानाचे गुण बदलल्यावरही तेवढेच राहिले, आधीही ते बरे होते. पण आठवड्यातले चार दिवस ती स्वतःहून उठून काहीतरी करून बघायला लागली. फक्त गुण मोजले असते तर विज्ञानात "काही फरक नाही" असं लिहून आम्ही मोकळे झालो असतो. इंग्रजी मात्र हललं नाही. पाचपैकी दोन, बदलाच्या आधीही आणि नंतरही. नियमाप्रमाणे साहित्य बदललं.

वेळेच्या नोंदीची सरासरी आली एक तास पन्नास मिनिटं. अट पूर्ण झाली म्हणून मी खूश. मग वही नीट बघितली तर सात दिवस कोरे होते. सगळे कोरे दिवस महिन्याच्या वीस तारखेच्या आधीचे, म्हणजे जीएसटी रिटर्न भरायचे दिवस. ताईने त्या दिवशी शिकवलंच नव्हतं, म्हणून लिहिलंही नव्हतं. सरासरी फक्त चांगल्या दिवसांची होती. तुमच्या डेटात कोऱ्या जागा दिसल्या की त्या गाळण्याआधी विचारा, नेमक्या याच का कोऱ्या? बऱ्याचदा उत्तर तिथेच असतं.

इथे तसंच झालं. या घराला बसणारा अभ्यासक्रम म्हणजे ज्यात महिन्याचे चार-पाच दिवस कोणीही न शिकवता चालेल, असा. आता वीस तारखेच्या आधीचा आठवडा मराठी वाचनाचा आणि विज्ञानाच्या उद्योगांचा असतो, कारण ते ती एकटी करते. गणितात नवीन काही नाही, फक्त सराव. कुठल्याही संचाच्या माहितीपत्रकात हे मिळालं नसतं.

८. यातून काय कळत नाही

एका मुलीवरची ही चाचणी आहे. ती शाळेत गेली असती तर काय झालं असतं, हे आम्हाला कधीच कळणार नाही. नोंदी ताईने लिहिल्या, आणि तिला हे जमावं असंच वाटत होतं. तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या घरात हीच पुस्तकं फसू शकतात. नेता येण्यासारखी गोष्ट पुस्तकांची यादी नाही, शोधण्याचा क्रम आहे: प्रश्न बांधा, अटी वेगळ्या काढा, बेसलाइन घ्या, छोटी चाचणी करा, बदलायचं कधी ते आधी लिहा.

ताई अजून विचारते, "हिचं वर्ष वाया गेलं तर?" पूर्वी मी तिला धीर द्यायचे. आता सांगते, वाया जातंय की नाही ते वर्ष संपायच्या आत कळेल एवढी सोय आपण केली आहे. फेब्रुवारीत बदलीचा आदेश आला. सामान हललं, गणिताची वही तीच राहिली.

सराव. या आठवड्यात तुमच्या घरातला किंवा विभागातला एक "सगळ्यात चांगला" प्रश्न घ्या: सगळ्यात चांगला गाइड, क्लास, सॉफ्टवेअर, काहीही. एका पानावर लिहा: कोणासाठी, कशासाठी, मोजणार काय, अटी कोणत्या आणि पसंती कोणत्या. आणि शेवटची ओळ अशी लिहा: "अमुक दिसलं तर मी माझं मत बदलेन." ती ओळ सुचली नाही, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.